खालच्या तोटीचं पाणी

नेवेनाच्या टॅक्सीची वॉरंटी एकोणीस नोव्हेंबरला संपली आणि तीस नोव्हेंबरला हीटरनं मान टाकली. मध्ये मोजून अकरा दिवस. तीन वर्षांत जी गाडी कधी साधी शिंकलीही नव्हती, तिला कॅलेंडर बघून आजारी पडायची अक्कल कुणी शिकवली, हे नेवेना भेटेल त्याला विचारत होती. सगळे मान डोलवायचे, कारण प्रत्येकाच्या घरात अशी एखादी वस्तू होतीच.

टोप्लित्सा म्हणजे डोंगरातलं गाव. डिसेंबरात सकाळी उणे आठ, आणि अख्ख्या गावाचं पोट गरम पाण्याच्या कुंडांवर. सोफियाहून माणसं येतात, दिवसभर कुंडात डुंबतात आणि ओल्या केसांनी, लालबुंद कानांनी, पायात हॉटेलच्या सपाता घालून टॅक्सीत येऊन बसतात. असा माणूस बर्फासारख्या सीटवर टेकला की त्याच्या तोंडून काय निघतं ते लिहिण्यासारखं नाही. त्यातून मानेला गार झुळूक लागली की माणूस आजारी पडतोच, याबद्दल आमच्याकडे डॉक्टरांनाही शंका नाही.

नेवेनानं आपल्या परीनं सोय केली होती. काचेवरची वाफ पुसायला एक फडकं, मागच्या सीटवर दोन लोकरी पांघरुणं आणि पांघरुणांच्या आत गरम पाण्याच्या चार रबरी पिशव्या.

"हे माझ्या पायाखाली मऊ मऊ काय आहे?" एका जाड्या बाईंनी विचारलं.

"हीटर," नेवेना म्हणाली.

बाईंनी हॉटेलात पोचल्या पोचल्या तक्रार ठोकली. तशा तीन दिवसांत पाच तक्रारी झाल्या आणि हॉटेलच्या मॅनेजर इस्क्राबाईंनी नेवेनाला काउंटरपाशी बोलावलं. काउंटरवर काचेखाली टॅक्सीवाल्यांची यादी होती. यादी कसली, दोनच नावं: वरच्या आळीची नेवेना आणि खालच्या आळीचा झिवको.

"शुक्रवारी संत निकोलाच्या सणाची सुट्टी. हॉटेल भरलंय," इस्क्राबाई म्हणाल्या. "शुक्रवारी संध्याकाळी तुझी गाडी गरम असेल तर नाव राहील. नसेल तर हिवाळाभर झिवको एकटा. माझा नाइलाज आहे गं, लोक मला शिव्या घालतात."

डिसेंबर ते मार्च हॉटेलचे पाहुणे, आणि बाकीचे आठ महिने म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं-आणणं, असं नेवेनाचं वर्ष होतं. त्या आठ महिन्यांत पेट्रोल निघायचं. घर निघायचं ते या चार महिन्यांत. नवरा लांबच्या ट्रकवर होता, तो स्पेनच्या कुठल्याशा धाब्यावरून फोनवर म्हणाला, "पैसे टाक आणि मोकळी हो." त्याला म्हणायला काय जातंय.

खरं म्हणजे नेवेना ऑक्टोबरातच सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. वॉरंटी तेव्हा चांगली जिवंत होती. "वारा कोमट येतोय," असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तिथले व्यवस्थापक दाराकोव. हा माणूस कायम फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा हसतो. तो तसाच हसून म्हणाला होता, "बाई, बाहेर अठरा अंश आहे. अठरा अंशात हीटर नीट मोजता येत नाही. थंडी पडली की या." त्यानं ना कुठे नोंद केली, ना कागद दिला. नेवेनाही साधी, तिनं विश्वास ठेवला. आता थंडी पडली होती, ती आली होती, आणि दाराकोवनं तिची फाइल उघडून जीभ टाळ्याला लावून च्च केलं होतं.

"अकरा दिवस उशीर केलात हो."

"उशीर मी केला? थंडी पडली की या म्हणालात ना? थंडीला सांगायचं होतं लवकर पड म्हणून."

"असं मी म्हटल्याचं कुठे लिहिलेलं नाही," दाराकोव म्हणाला. तेही हसूनच.

सोमवारी संध्याकाळी गाडी त्यांच्याकडे सोडली आणि मंगळवारी दुपारी त्यांनी तिला हिशोब सांगायला बोलावलं. एकूण दोन हजार एकशे चाळीस लेव्ह. नेवेनानं तो आकडा दोनदा वाचला. मग तिला वाटलं चुकून दुसऱ्याचा कागद आपल्यापुढे आला असेल, म्हणून वरचं नाव वाचलं. नाव तिचंच होतं.

"हीटरचा छोटा रेडिएटर तुंबलाय, तो बदलायचा," दाराकोव सांगू लागला. "तो एकशे तीसला येतो."

"मग बाकीचे दोन हजार कशाचे?"

"तो डॅशबोर्डच्या मागे असतो. अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, स्टिअरिंग काढायचं, दोन दिवसांचं काम आहे."

"म्हणजे डोळ्यात कचरा गेला तर आधी पाय काढायचे."

"कंपनीनं गाडी तशीच बनवलीय, बाई. मी काय करू?"

मनगटाएवढ्या वस्तूसाठी अख्खी गाडी सोलायची आणि सोलायचे पैसे तिनं द्यायचे.  ती काही बोलणार इतक्यात दाराकोवनं टेबलाखालून एक काचेची बरणी काढून समोर ठेवली. बरणीच्या तळाशी बोटभर विटकरी गाळ होता, आणि वर मासोळीच्या खवल्यांसारख्या चिपा तरंगत होत्या.

"हे तुमच्या हीटरच्या नळीतून निघालं. हे झऱ्याच्या पाण्याचे क्षार आहेत. तुम्ही गाडीत तोटीचं पाणी ओतलंत. तेव्हा वॉरंटी असती तरी तुम्हाला काही मिळालं नसतं."

"मी?" नेवेना म्हणाली. "मी तीन वर्षांत बॉनेट उघडलेलं नाही. तुमच्या पुस्तकात लिहिलंय, दुसऱ्या कुणी हात लावला तर वॉरंटी जाते. काच धुवायचं पाणीसुद्धा तुमच्याकडून भरून घेतलंय मी. पैसे देऊन."

"असं सगळेच म्हणतात." दाराकोव खुर्चीत मागे रेलला. "घरात म्हातारं माणूस आहे का कुणी?"

होतं.  तिनं बरणी उचलली, पिशवीत टाकली आणि दाराकोव "अहो, ती आमची आहे" म्हणेपर्यंत दाराबाहेर पडली. गाडी गारच्या गार परत घेऊन ती घरी निघाली. वाटेत एक गिऱ्हाईक हात करत होतं, त्यालाही घेतलं नाही.

तिचे सासरे वेलिच्को एक्क्याऐंशीचे. गावात झऱ्याच्या पाण्याच्या दोन तोट्या, वरच्या आळीत एक आणि खालच्या आळीत एक. वेलिच्को रोज सकाळी हातगाडीवर दोन कॅन ठेवून वरच्या तोटीवर जायचे आणि भरून आणायचे. आपल्या गुडघ्यांना तेच पाणी, डोळ्यांना तेच, टोमॅटोच्या रोपांना तेच, घेवडा शिजवायला तेच. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या भिंतीला चीर गेली तेव्हा त्यांनी तिलाही वरच्या तोटीचं पाणी लावून बघितलं होतं. अशा माणसानं सुनेच्या गाडीत कौतुकानं तांब्याभर ओतलं नसेल कशावरून?

ते स्वयंपाकघरात कोबीच्या लोणच्याच्या पिंपाशी वाकले होते. नेवेनानं बरणी टेबलावर आदळली.

"बाबा, खरं सांगा. रागावणार नाही. माझ्या गाडीत पाणी घातलंत?"

"कसलं पाणी?"

"तोटीचं. हे बघा काय झालंय. दोन हजार एकशे चाळीस लेव्हचं झालंय."

वेलिच्कोंनी हात पुसले, चष्मा लावला, बरणीचं झाकण काढलं. एक चीप बोटात घेऊन चुरडली, वास घेतला. आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की आपण म्हाताऱ्या माणसाच्या थोबाडीत मारली की काय असं नेवेनाला वाटलं.

"हे लाल आहे," ते म्हणाले.

"दिसतंय मला."

"तुला काहीच दिसत नाही. वीस वर्षं या घरात राहून तुला काही दिसत नाही." त्यांनी चुलीवरची किटली उतरवली, तिचं झाकण उघडून तिच्या नाकासमोर धरलं. आत चुन्यासारखा पांढराशुभ्र थर. "वरच्या तोटीचं पाणी पांढरं धरतं. लाल धरतं ते खालच्या तोटीचं. सडक्या अंड्याचा वास येतो त्याला. आणि तू मला विचारतेस मी ते तुझ्या गाडीला पाजलं का? सूनबाई, मी ते कुत्र्याला पाजलेलं नाही."

ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी होती. वरच्या आळीचा माणूस खालच्या तोटीला तोंड लावत नाही. वेलिच्को खालच्या आळीतल्या लग्नाला जायचे तेव्हा खिशात आपली बाटली घेऊन जायचे, आणि ती टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचे.

"चुकलं माझं," नेवेना म्हणाली.

"चुकलंच. खालच्या तोटीच्या शेजारी कोण राहतं?"

खालच्या तोटीपासून तीस पावलांवर सर्व्हिस सेंटर आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नेवेना खुर्चीत बसली.

"गाडी त्यांच्याकडे शेवटची कधी दिली होतीस?"

तिनं पर्समधून सर्व्हिसचं पुस्तक काढलं. शिक्का होता: तेरा ऑगस्ट, कूलंट बदललं. पंधराला मेरीमातेचा सण, सण म्हटला की अर्धं गाव गाड्या काढून समुद्राकडे पळतं, म्हणून त्याआधी दोन दिवस सगळे गाड्या दुरुस्तीला टाकतात. आणि यंदा नेमकी तेव्हाच गावची मोठी पाइप फुटली होती. तेरा आणि चौदा ऑगस्टला घरोघरचे नळ कोरडे ठणठणीत होते. माणसं बादल्या, पिंपं, बाळाच्या आंघोळीचे टबसुद्धा घेऊन तोट्यांवर पळत होती.

"इंजिनातून हीटरपर्यंत फिरतं ते कूलंट येतं ना, ते घट्ट असतं," नेवेना हळूहळू म्हणाली. "त्यात पाणी घालून पातळ करतात. बाटलीतलं शुद्ध पाणी घालायला हवं. पण बाटल्या विकत घ्याव्या लागतात."

"आणि तोटी फुकट," वेलिच्को म्हणाले.

बुधवारी सकाळी आठ वाजता दोघं सर्व्हिस सेंटरला हजर. वेलिच्को चर्चला जायचा कोट घालून आले होते आणि त्यांच्या काखेत किटली होती. बाहेर बाकावर तिघं बसले होते: बेकरीवाली स्तोयांका, कुणी एक मास्तर, आणि टॅक्सीवाला झिवको. झिवको कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून, छातीवर हात बांधून बसला होता.

"टायर बदलायला आलोय," कुणी विचारलं नसताना तो म्हणाला. "तुझी गाडी गरम झाली का, नेवेना? हॉटेलात कळलं मला."

"तू तुझे टायर बघ."

दाराकोवची खोली काचेची होती. आतलं सगळं बाहेर दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. त्यामुळे बाहेरच्यांना दिसलं ते इतकंच, की एका म्हाताऱ्यानं व्यवस्थापकाच्या टेबलावर किटली ठेवली, शेजारी बरणी ठेवली आणि कोटाच्या खिशातून व्हिनेगरची बाटली काढली.

"हा गंज आहे," दाराकोव आत म्हणत होता. आदल्या दिवशीचे क्षार एका रात्रीत गंज झाले होते. "लाल म्हणजे गंज. कुणीही सांगेल."

"काल क्षार म्हणालात," नेवेना म्हणाली.

"काल घाईत बघितलं."

वेलिच्कोंनी त्याच्या कॉफीच्या बशीत दोन चिपा ठेवल्या आणि वर व्हिनेगर ओतलं. चिपा फसफसल्या. बशीत फेस चढला.

"गंजावर ओतलं तर तो गप्प बसतो," वेलिच्को म्हणाले. "मी साठ वर्षं किटली घासतोय. आता ह्यातले पांढरे बघा आणि तुमचे लाल बघा. बाहेर कुणालाही बोलवा आणि विचारा कुठलं कुठल्या तोटीचं. तेराला तुमच्या नळाला पाणी होतं का?"

"आठवत नाही."

"ज्याचे हात काळे होतात त्याला आठवेल," नेवेना म्हणाली आणि दार उघडून तिनं हाक मारली, "स्तामेनकाका, जरा आत येता?"

मेकॅनिक स्तामेन आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. तिथं तीस वर्षं काम केलेला माणूस, गावातली प्रत्येक गाडी त्याला आवाजावरून ओळखू यायची. नेवेनानं सरळच विचारलं, तेरा ऑगस्टला कूलंटमध्ये कसलं पाणी घातलं.

स्तामेननं दाराकोवकडे पाहिलं. मग बशीतल्या फेसाकडे पाहिलं.

"नळ कोरडा होता. सणाआधी बारा गाड्या द्यायच्या होत्या," तो म्हणाला. "मी म्हटलं बाटल्या मागवा. साहेब म्हणाले, समोर तोटी आहे."

"तू जा, स्तामेन," दाराकोव म्हणाला. त्याचं फोटोचं हसू आता कुठच्या कुठे गेलं होतं. दार लागल्यावर त्यानं खणातून कागद काढला, भराभरा काहीतरी लिहिलं आणि नेवेनापुढे सरकवला. "हे बघा. वाद कशाला वाढवायचा. गाडी आज घेतो, शुक्रवारी दुपारी तयार. एक पैसा देऊ नका. इथे सही करा आणि बाहेर कुणाशी काही बोलू नका."

नेवेनानं वाचलं. ग्राहकानं स्वतः झऱ्याचं पाणी घातल्यानं बिघाड झाला असून कंपनी सौजन्य म्हणून विनामूल्य दुरुस्ती करत आहे.

"हे खोटं आहे."

"हा कागद आहे. कागदाला काय खोटं, काय खरं? सही नसेल करायची तर मला सोफियाला कळवावं लागेल. ते माणूस पाठवतील, तपासणी होईल. नवीन वर्षाआधी कुणी येत नाही. तोपर्यंत आम्ही गाडीला हात लावणार नाही." त्यानं पेन तिच्याकडे वळवलं. "शुक्रवारी तुम्हाला गाडी हवीय ना? हॉटेलसाठी?"

त्याला तेही माहीत होतं. नेवेनाला सगळ्यात जास्त राग त्याचा आला. आधी थंडीची वाट बघायला लावली, मग अकरा दिवसांवर बोट ठेवलं, मग तिला चोर ठरवलं, आणि आता तिचं पोट कुठे अडलंय ते बघून तिथेच चिमटा काढला.

"त्यात काय लिहिलंय?" वेलिच्कोंनी विचारलं. चष्मा घरी राहिला होता.

"पाणी आपण घातलं असं."

"खालचं?"

"तसं नाही लिहिलं. पण लाल आहे म्हटल्यावर लोक समजतीलच."

म्हातारा किटलीच्या दांडीशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "सही कर, पोरी. मी एक्क्याऐंशीचा आहे. हसतील चार दिवस. तुला अख्खा हिवाळा काढायचाय."

नेवेनानं पेन उचललं. आणि बाहेर बघितलं, कारण सासऱ्यांकडे बघवेना. बाहेर झिवको कॉफीच्या यंत्रापाशी वाकला होता. वाकल्यामुळे त्याची चेन थोडी खाली सरकली होती, आणि कोटातून गुलाबी रबराचं एक टोक बाहेर डोकावत होतं. त्यानं घाईघाईनं ते आत दाबलं. पण नेवेनाला ते टोक ओळखायला एक क्षणही लागला नाही. गेले चार दिवस ती तसल्याच चार पिशव्या भरून भरून थकली होती.

म्हणजे टायर नव्हते. झिवकोही गारठलेला होता आणि हॉटेलात छाती पुढे काढून फिरत होता. नेवेनाच्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. आपण सही केली तर शुक्रवारी आपली गाडी गरम. झिवकोला इथे दोन हजारांचा कागद मिळेल, तो घासाघीस करत बसेल, इस्क्राबाईंना कळेल, आणि यादीवर एकटी नेवेना. फक्त तोंड शिवायचं. क्षणभर तिला ते इतकं गोड वाटलं की पेनचं टोक कागदाला लागलंसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की दाराकोव नेमकी हीच मोजणी करून बसलाय: ही गप्प बसली की उरलेले अकरा जण पैसे भरतील, एकेकटे, आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांवर संशय घेत.

ती उठली आणि दार उघडून बाहेर आली.

"झिवको, कोटात काय आहे?"

"तुला काय करायचंय?"

"गरम पाण्याची पिशवी आहे. लाजू नकोस, माझ्याकडे चार आहेत. ऑगस्टात गाडी इथे कधी दिली होतीस?"

झिवको लाल झाला. "तेराला. सकाळी. का?"

"आणि हीटरचे किती सांगितले?"

 मास्तर त्याच्याकडे बघत होते, स्तोयांकानं विणकाम थांबवलं होतं. "दोन हजार दोनशे," तो शेवटी पुटपुटला.

"मला दोन हजार एकशे चाळीस. तुला साठ जास्त का रे? खालच्या आळीचा म्हणून?"

मग तिनं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, हात नाचवत, एकदाही न अडखळता: नळ, तोटी, बारा गाड्या, लाल चिपा, आतला कागद. वेलिच्को मागून किटली उघडून दाखवत होते.

"माझी व्हॅन चौदाला होती," स्तोयांका म्हणाली. "मला म्हणाले तुमच्या बेकरीचं पीठ आत गेलंय. मी नवऱ्याला आठवडाभर बोल बोल बोलले हो. बिचारा रोज ती व्हॅन झाडतोय."

"मला वय विचारलं," मास्तर म्हणाले. "म्हणाले, या वयात थंडी जास्तच वाजते."

दाराकोव दारात आला. सोफिया, तपासणी, नवीन वर्ष, असं तो पुन्हा सुरू करत होता.

"बोलवा की सोफियाला," स्तोयांका म्हणाली. "बारा गाड्यांची माणसं उभी करते त्यांच्यापुढे. तोवर इथेच बसते मी, खायला चीजची बानित्साही आणलीय बरोबर."

"साहेब," स्तामेन वर्कशॉपच्या दारातून म्हणाला, "डॅशबोर्ड काय, काढतो मी. गाडीला दोन दिवस. नावं लिहून काढा म्हणजे सुरुवात करता येईल."

दाराकोवनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि शेवटी ऑगस्टचं रजिस्टर मागवलं. क्रम रजिस्टरप्रमाणे लागणार असं त्यानं जाहीर केलं. तेवढा तरी हुकूम आपला चालावा, असं त्याला वाटलं असणार. पहिलं नाव झिवकोचं निघालं, तेरा ऑगस्ट, सकाळी आठ. नेवेना तिसरी. म्हणजे झिवकोची गाडी शुक्रवारी दुपारी तयार, आणि नेवेनाची पुढच्या आठवड्यात.

"हे बरं आहे," नेवेना म्हणाली. "तोंड मी उघडलं, हीटर याचा."

"रजिस्टर म्हणजे रजिस्टर," झिवको म्हणाला. त्यानं निर्लज्जपणे स्तामेनच्या हातात किल्ली दिलीसुद्धा.

"खालचं पाणी," वेलिच्को किटलीचं झाकण लावत म्हणाले.

नेवेनानं फोन काढला. इस्क्राबाईंना आत्ताच सांगून टाकू, शुक्रवारपर्यंत झुलत बसण्यात काय अर्थ आहे. ती नंबर शोधत होती तेवढ्यात झिवको तिच्या जवळ आला आणि कुणी ऐकू नये अशा आवाजात बोलला.

"दुपारी तीनपर्यंत मी चालवेन. तीननंतर तू."

"काय चालवू?"

"माझी गाडी. तुझी दुरुस्त होईपर्यंत. लायसन्स तुझं, गाडी माझी, तीननंतरचे पैसे तुझे, पेट्रोल ज्याचं त्यानं. आत सही करून बसली असतीस ना, तर मी नवीन वर्षापर्यंत पोटाला पिशवी बांधून हिंडलो असतो. मला कळतं तेवढं." मग त्याला एकदम स्वतःचाच राग आल्यासारखा तो म्हणाला, "पण सीट मागेपुढे करायची नाही. मला पाठीचा त्रास आहे."

"तुझ्या गाडीत सिगारेटचा वास येतो."

"मग नको चालवूस."

"चालवीन. काच उघडून."

"झुळूक लागेल गिऱ्हाइकांना," झिवको म्हणाला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला.

नेवेनानं फोन लावला. "इस्क्राबाई, शुक्रवारी संध्याकाळी दारात गरम टॅक्सी असेल. मीच असेन." पलीकडून विचारलं गेलं की कुणाची गाडी. "गरम गाडी. तुम्ही गरम म्हणाला होतात, कुणाची ते म्हणाला नव्हतात." पलीकडे एक उसासा, आणि मग, बरं, नाव राहू देते, पण एक जरी तक्रार आली तर.

तोवर दाराकोवनं छापून नवे कागद आणले होते, प्रत्येकाला एक. पाणी कुणी घातलं याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मास्तरांनी चष्मा पुसून सही केली, स्तोयांकानं केली, झिवकोनं न वाचताच केली. नेवेनानं वाचला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"सौजन्य म्हणून, असं लिहिलंय इथे. ते काढा."

"बाई, फुकट मिळतंय ना तुम्हाला?"

"फुकट नाही मिळत. तुम्ही बिघडवलंत, ते तुम्ही नीट करून देताय. सौजन्य कुणाचं आणि कुणावर? मीच चार दिवस गारठत हिंडलेय, सासऱ्यांना चोर म्हटलंय. ते काढा, म्हणजे सही करते."

दाराकोवनं पेन घेतलं आणि ते दोन शब्द खोडले. एकदा खोडून वाचता येत होते, म्हणून तिनं पुन्हा खोडायला लावले. मग सही केली.

ते बघून मास्तरांनी आपला कागद परत उलटा करून वाचला आणि काउंटरवर ठेवला.

"माझ्यातलेही," ते म्हणाले.